दार वाचणारे काका

काकांबरोबर कुठेही जायचं म्हणजे थोडा जास्तीचा वेळ हाताशी ठेवूनच निघावं लागतं. कारण काका दार वाचतात. किराण्याचं दुकान असो, दातांचा दवाखाना असो, नाहीतर डोशाचं हॉटेल, काका दारापाशी थांबतात, खिशातून चष्मा काढतात आणि काचेवर जे काही चिकटवलेलं असेल ते वरपासून खालपर्यंत वाचून काढतात. उघडण्याच्या वेळा, कुत्री आणू नयेत, अनवाणी येऊ नये, आत कॅमेरे आहेत, भांडी घासायला माणूस पाहिजे. मागे लोक खोळंबतात. एखादे गोरे आजोबा अदबीनं दार उघडून धरतात, तर काका त्यांनाही हातानं थांबवतात. "दार वाचल्याशिवाय उघडू नये," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे सगळं वाचन एकाच ओळीसाठी चाललेलं असतं. काकांच्या उजव्या कमरेला, इस्त्रीच्या पँटच्या पट्ट्याला, एक पिस्तूल असतं. ज्या चामड्याच्या पाकिटात ते असतं त्याला काका म्यान म्हणतात. आमच्या ॲरिझोनात ते असं उघड्यावर लावून फिरता येतं, त्याला परवानाही लागत नाही. पण दुकानवाल्यानं दारावर 'आत शस्त्र आणू नये' अशी पाटी लावली असेल तर मात्र ते बाहेर ठेवावं लागतं. तशी पाटी दिसली की काका एक शब्द न बोलता वळतात, गाडीपाशी जातात, डिकीत बोल्टनं आवळलेल्या लोखंडी पेटीत पिस्तूल ठेवतात, कुलूप लावून ओढून बघतात आणि मग परत येऊन आत शिरतात. पेटीची किल्ली जानव्याला असते. वाईच्या घरी त्यांचे वडील कपाटाची किल्ली जानव्याला बांधत, म्हणून यांचीही तिथेच. भर पार्किंगमध्ये शर्टाच्या गळ्यात हात घालून जानवं बाहेर ओढणारा माणूस बघायची आमच्या चँडलर गावाला आता सवय झाली आहे. मला ती व्हायला फार वेळ लागला. स्पष्टच सांगायचं तर मला त्यांची लाज वाटायची.

काका कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. आम्ही नवे नवे चँडलरला आलो तेव्हा ते आमच्या मागच्या गल्लीत राहत होते, अजून तिथेच राहतात. माझा नवरा सारखा कामासाठी बाहेरगावी, मला गाडी चालवता येत नव्हती, आणि ॲरिझोनात गाडी नसली की माणूस घरातल्या घरात सुकतो. इथल्या मराठी मंडळातल्या कोणीतरी सुचवलं, काकांना विचार, ते शिकवतात. शिकवतात कसले, घाम काढतात. आरसा, पट्टा, खांद्यावरून मागे बघ, परत आरसा. ज्या कारखान्यात धुळीचा कण चालत नाही, जिथे पांढरा झगा चढवून नुसते डोळे उघडे ठेवायचे, तिथल्या शिस्तीत त्यांचा जन्म गेलेला. मी खांद्यावरून बघायला विसरले की ते गाडी बाजूला घ्यायला लावत आणि शांतपणे म्हणत, "आत्ता एक माणूस मेला. चल, पुन्हा सुरू कर."

एकदा शिकवणी संपवून ते मला घरी सोडायला निघाले होते आणि मागे पोलिसांचे दिवे लागले. काकांनी गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. तेवढ्यात नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका बाईंची गाडी शेजारून हळूहळू गेली, आणि मी सीटवरून खाली घसरले.

"वर बस," काका समोर बघत म्हणाले. "नीट बस. हात दिसू देत."

पोलीस खिडकीशी आला. काकांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "गुड इव्हनिंग, सर. आय ॲम हॅविंग वन पिस्टल. राइट साइड. हाऊ यू वॉन्ट टु प्रोसीड?"

पोलीस हसला. "यू डोन्ट टच युअर्स, सर, अँड आय वोन्ट टच माइन."

मागचा एक दिवा गेला होता, एवढंच होतं. पोलिसानं त्यांना तीनदा सर म्हटलं आणि तो निघून गेला. मी घरी येऊन नवऱ्याला फोनवर म्हणाले, "बाई बघ दुसरी कोणी शिकवायला, मी या माणसाबरोबर परत जाणार नाही." दुसऱ्या दिवशी अर्थातच गेले. फुकट आणि इतकं चांगलं कोण शिकवणार होतं?

पिस्तूल कशाला बाळगता, असं काकांना विचारलं तर ते माणूस बघून उत्तर देतात. एकाला सांगतील, साप निघतात. दुसऱ्याला, कोल्ह्यासारखे ते कोयोटी फार माजलेत. मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी सांगितलं होतं की कोथिंबिरीची जुडी कशी मिळते ते बघा, पिस्तूल लागतंच. मात्र "ते कशाला बाळगता" असं विचारलेलं त्यांना चालत नाही. "ते काय, ते? त्याला नाव आहे. पिस्तूल म्हण." मग समोरचा ओशाळून पिस्तूल म्हणतो, आणि काका साप निघतात असं सांगतात.

माझ्याशी मात्र ते वाद घालत. मी विरुद्ध बाजूची. कोणी बंदूक घेऊन शिरलं तर, म्हणून माझ्या मुलीला शाळेत दार लावून, दिवे बंद करून, बाकांखाली गप्प बसण्याचा सराव करावा लागतो. पहिलीत असताना ती मला अभिमानानं म्हणाली होती की वर्गात सगळ्यांत शांत तीच बसली. तो दिवस मी विसरलेले नाही.

"पोरांनी बाकांखाली लपायला शिकायचं आणि म्हाताऱ्यांनी पिस्तूल लावून भाजी आणायची, ही कसली रीत?" मी त्यांना विचारलं होतं.

"वाईट रीत आहे."

"मग?"

"मग बदला कायदा. बदललात की मी स्वतः नेऊन जमा करीन, पावतीही मागणार नाही. तोवर मला हक्क आहे. ज्याला नको त्यानं दारावर लिहावं, मी वाचीन."

"मला मत कुठे आहे काका? आम्ही अजून ग्रीन कार्डच्या रांगेत."

"मत नाही, तोंड आहे ना? इथल्या घटनेची पहिली दुरुस्ती तोंडाला, दुसरी कमरेला. तू तुझी वापर, मी माझी."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "शाळेतल्या गोळीबाराचं काही टीव्हीवर आलं की त्या दिवशी हे जेवत नाहीत, ते सांगा तिला." काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

काकूंच्या घरात पिस्तुलाला एकच नियम होता. ते पेटीत गेल्याशिवाय ताट वाढलं जात नसे. रविवारी सकाळी काका जेवणाच्या टेबलावर कागद पसरून पिस्तूल खोलत, काकूंच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं एकेक भाग पुसत, आणि त्या तेलाचा वास फोडणीच्या वासात मिसळत असे. काकूंनी त्या पिस्तुलाला कधी हात लावला नाही. आम्हा व्हिसावाल्यांना तर काका जवळही फिरकू देत नसत. व्हिसावरच्या माणसानं साधारणपणे बंदूक जवळ बाळगायची नसते. "लांब हो. हात लावशील आणि पुण्याला जाऊन पोहोचशील," असं ते म्हणत.

आता दसऱ्याचं सांगते. मागच्या वर्षीच्या.

आमचं मंडळ एक हॉल भाड्यानं घेऊन दसरा करतं. इकडे रस्त्याच्या कडेला ऑर्किड ट्री नावाचं एक झाड लावतात, त्याची पानं थेट आपट्याच्या पानांसारखी असतात, तीच आम्ही सोनं म्हणून वाटतो. पाटावर सरस्वती काढतात आणि पुढे जो तो आपापलं हत्यार मांडतो. हत्यार म्हणजे लॅपटॉप. लॅपटॉपवर लॅपटॉप, एका डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप, कोणाचा तरी पाना, एकाची क्रिकेटची बॅट. मी मंडळाची सेक्रेटरी, त्यामुळे हळदकुंकू माझ्या हातात. आणि काकांनी पुढे होऊन, गोळ्या काढलेलं, रिकामं आहे हे आजूबाजूच्यांना दाखवलेलं पिस्तूल पाटावर ठेवलं. वर एक झेंडूचं फूल.

मी कुंकवाचं बोट पुढे केलं तर म्हणाले, "लांबून अक्षता टाक. व्हिसावर आहेस."

मी टाकल्या. हसूही आलं मला. पण एका आईनं फोटो काढला होता. झेंडूचं फूल, पिस्तूल, आणि मागे नऊवारी नेसलेली तिची मुलगी. रात्रीपर्यंत तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर फिरला आणि मग जे व्हायचं ते झालं. मुलांसमोर, आणि देवासमोर, आणि हे तर इन्व्हिटेशनमध्ये मेन्शन करायला हवं होतं. बाहेरच्या कोणी पाहिलं तर आपल्या कम्युनिटीबद्दल काय म्हणतील, हाही मुद्दा निघाला, आणि तो मी काढला होता. काकांनी ग्रुपवर एकच ओळ लिहिली: "मला वाटलं शस्त्रपूजा म्हणजे शस्त्राची पूजा." त्यावर कोणी हसलं नाही.

पाटी लावायचं ठरलं. मजकूर मी लिहिला, मराठीत आणि इंग्रजीत, लॅमिनेट करून आणला, आणि पुढच्या कार्यक्रमाला हॉलच्या काचेच्या दारावर डोळ्यांच्या उंचीवर चिकटवला. काका आले. चष्मा काढला. वाचलं. मी आतल्या बाजूला उभी होते, काचेपलीकडून आमची नजरानजर झाली.

"अक्षर छान आलंय. तू लिहिलंस?"

"हो, काका."

"बरोबर आहे. ज्याचं दार त्याचा नियम," असं म्हणून ते गाडीकडे वळले. त्यानंतर मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला ते आले, पाटी पाठ झाली असेल तरी दरवेळी वाचली, आणि दरवेळी डिकीपर्यंत जाऊन आले. मंडळाच्या सामानाचं एक खोकं आहे, त्यात तोरण, रांगोळीचे रंग, समई आणि ही पाटी. कार्यक्रम असला की खोकं उघडायचं आणि सगळं जागच्या जागी लावायचं.

यंदाच्या दसऱ्याला संध्याकाळी लोक निघत असताना एक मोठा फिकट रंगाचा पिकअप ट्रक आमच्या पार्किंगमध्ये शिरला आणि चालकानं फोन खिडकीबाहेर धरून हळूहळू सगळीकडे फिरवला. साड्या, कुर्ते, पोरं, सगळ्यांचं शूटिंग केलं. काहीतरी ओरडला आणि गेला. दोन दिवसांनी मंडळाच्या फोनवर एक निरोप आला. आवाज शिवीगाळ करणारा नव्हता, हेच जास्त वाईट होतं. तुम्ही किती जण जमता ते मी पाहिलंय, दिवाळीलाही जमाल, मी येईन, एवढंच तो माणूस म्हणाला. आम्ही पोलिसांना कळवलं. त्यांनी नोंद घेतली आणि जमेल तशी गाडी फिरवू असं सांगितलं.

लगेच झूमवर मीटिंग झाली.

"कॅन्सल करू या का?" अध्यक्ष म्हणाले. ते नागपूरचे, एरवी त्यांचा आवाज हॉलच्या टोकापर्यंत जातो.

"कॅन्सल कसं करणार यार? मुलांची नाटकं बसलीत, केटररला कन्फर्म केलंय."

"सिक्युरिटी हायर करू."

"मी कॉल केले. त्या वीकेंडला कोणीच अव्हेलेबल नाही."

"आपल्यापैकी कोणी..."

"मी व्हिसावर आहे, बाबा."

"मी पण."

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "काका सिटिझन आहेत."

शेवटी तोंड उघडलं ते फोटो काढणाऱ्या आईनं. "आय मीन, ते येतातच ना? फक्त या वेळी त्यांनी दाराशी बसावं. त्यांच्या त्या सेटअपसकट."

सेटअप. हा शब्द सगळ्यांना इतका आवडला की पुढची सगळी मीटिंग सेटअपवरच झाली. सेटअप झाकलेला असावा, मुलांना सेटअप दिसू नये. आणि सेटअपबद्दल काकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण तुझं त्यांच्याशी चांगलं आहे. माझी मुलगी मागे उभी राहून सीरियल खात होती. ती म्हणाली, "मॉम, यू गाइज बॅन्ड हिम." मी म्यूटवर होते, म्हणून बरं. मी तिला हळू म्हटलं, "हे वेगळं आहे." "हाऊ?" तिनं विचारलं, आणि मी म्यूट काढून मीटिंगमध्ये हो हो म्हणायला लागले.

शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. काकूंनी चहा केला, चकलीची भाजणी मळता मळता त्या ऐकत होत्या.

"काका, दिवाळीच्या कार्यक्रमाला तुम्ही दाराशी बसाल का? म्हणजे, ते घेऊन."

"काय घेऊन?"

"ते, काका."

"नाव आहे त्याला."

मी चहाच्या कपाकडे बघत म्हटलं, "पिस्तूल घेऊन." आयुष्यात पहिल्यांदा मी ते कोणाकडे मागत होते.

काका हसले नाहीत. "तुम्हा सगळ्यांना वाटतं, पिस्तूल असलं की माणूस शूर असतो. मी कशामुळे घेतलं माहीत आहे?"

"साप," मी म्हटलं.

"ही एका पेट्रोल पंपाच्या दुकानात संध्याकाळची पाळी करायची, आम्ही नवे असताना. मी तिला न्यायला जायचो आणि समोर गाडीत बसायचो. एक दिवस एक माणूस आत गेला. काचेतून सगळं दिसत होतं. त्यानं हात पुढे केला तेव्हा हातात काय आहे तेही दिसलं. मी सीटवरून खाली घसरलो. स्टिअरिंगखाली. तो निघून जाईपर्यंत तिथेच होतो. मग वर आलो आणि धावत आत गेलो, जणू आत्ताच पोहोचलोय."

काकूंचे हात पिठातच होते. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला गाडी दिसत होती गं. आत कोणी दिसेना. मला वाटलं, हे जवळपास कुठेतरी गेलेत. बरं झालं म्हटलं, निदान हे तरी नाहीत इथे."

काकूंना सगळं माहीत होतं, काकांनीच कधीतरी सांगितलं असणार. पण त्या वाक्यानंतर काकांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. गाडीत मला "वर बस" म्हणताना त्यांचा आवाज कसा होता ते मला आठवलं.

"पुढच्याच आठवड्यात पिस्तूल घेतलं," ते म्हणाले. "त्यानं काही फरक पडला नाही. घसरलो होतो ते घसरलोच होतो. पण येतो मी. दाराशी बसतो."

दिवाळीच्या दिवशी दुपारी मी लवकर गेले. खोकं उघडलं. तोरण लावलं, पणत्या मांडल्या, समई पुसली, टेप कापली, पाटी चिकटवली. हाताला वळण पडलेलं असतं, डोकं केटररच्या फोनकडे होतं. त्या पाटीचा विचारही माझ्या मनात आला नाही. खरं तर मीटिंगपासून कोणाच्याच मनात आला नव्हता.

काका आले ते गुडघ्यापर्यंतच्या रेशमी झब्ब्यात. मी आत खुर्च्या लावत होते, मला ते थेट खुर्चीवर बसलेलेच दिसले. दाराच्या डाव्या हाताला, पार्किंगकडे तोंड करून, ताठ. थोड्या वेळानं काकूंनी आतून दुसरी खुर्ची ओढत नेली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. याचं मला नवल वाटलं. एरवी काकू फराळाच्या टेबलामागे असतात आणि कोणाला चमचा हातात धरू देत नाहीत. कोणीतरी म्हणालं, रुसल्या असतील.

त्या दिवशी काकांना काय मान होता. वर्षभर त्यांच्यापासून दोन हात लांबून जाणारे लोक वाकून नमस्कार करत होते. फोटोवाल्या आईनं मुलीला त्यांच्या पाया पडायला लावलं. एकजण हळूच झब्ब्याच्या उजव्या बाजूकडे बघून समाधानानं आत गेला. नाटकं झाली, गाणी झाली, अध्यक्षांनी स्टेजवरून सांगितलं की सिक्युरिटीची जबाबदारी आदरणीय काकांनी घेतल्यामुळे आपण निर्धास्त आहोत, आणि जोरात टाळ्या पडल्या. त्या बाहेर ऐकू गेल्या नसणार. फराळाची ताटं भरली गेली. बाहेर ताट कोणी नेलं नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्यानं नेलं असेल. मलाही तसंच वाटलं.

मी दाराजवळच्या टेबलावर करंज्या मांडत होते आणि माझी मुलगी शेजारी उभी राहून कागदी ताटल्या मोजत होती, तेव्हा काचेतून मला तो पिकअप दिसला. फिकट रंगाचा. तोच होता का, हे मी आजही सांगू शकणार नाही. तो पार्किंगमध्ये हळू शिरला, एक फेरी मारली आणि काकांच्या समोर येऊन थांबला. काच खाली गेली.

हॉलला दाराजवळ एक जाड खांब आहे. मी त्या खांबामागे गेले. कशी गेले ते मला कळलं नाही, पण गेले, आणि मुलीला बरोबर घेऊन गेले नाही. ती तिथेच टेबलापाशी उभी होती. खांबाच्या कडेनं मला ती दिसत होती, आणि तिच्या पलीकडे, काचेबाहेर, काकांची पाठ. त्या पाठीत काही हाललं नाही. काकूंचा हात त्यांच्या खुर्चीच्या दांड्यावर होता. गाडीतला माणूस काहीतरी बोलला, काका काहीतरी बोलले. मग गाडी निघून गेली.

मुलीनं वळून बघितलं. मी खांबामागून बाहेर येत होते. ती पुन्हा ताटल्या मोजायला लागली. सराव असलेली मुलगी ती.

कार्यक्रम संपला तेव्हा उजेड अजून पुरता गेला नव्हता. मी काकांचे आभार मानायला पार्किंगमध्ये गेले. त्यांनी डिकी उघडली होती. झब्ब्याच्या गळ्यातून जानवं ओढलं, किल्ली लावली, पेटी उघडली आणि पिस्तूल काढलं. मग झब्बा वर करून ते रिकाम्या म्यानात सरकवलं.

"काका, आत्ता लावताय?" मी विचारलं.

"मग? आता घरी निघालो."

"म्हणजे इतका वेळ..."

"दारावर पाटी आहे ना तुझी," काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. काल पाऊस पडला असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी. "आल्या आल्या वाचली. मला वाटलं, तुम्ही काढली असेल. पण होती."

"तुम्ही मला सांगायचं ना. मी काढली असती."

"तुम्ही सगळ्यांनी ठरवून लावलेली. मी कोण सांगणार? ज्यानं लावली त्यानं काढावी."

"आणि तो ट्रकवाला? तो काय म्हणाला?"

"विचारत होता, हे काय चाललंय. म्हटलं, फेस्टिव्हल आहे, ये, चकली खा."

"तोच होता?"

"मला काय माहीत? निरोप तुम्ही ऐकलाय."

मी काकूंकडे वळले. त्या गाडीच्या दाराशी उभ्या होत्या, हातात घरून आणलेला रिकामा डबा. दोघांनी तो बाहेर बसून खाल्ला होता.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"हे दार वाचून डिकीकडे वळले ना, तेव्हाच कळलं," काकू म्हणाल्या. "म्हणून तर खुर्ची घेऊन बाहेर बसले."

त्या गाडीत बसल्या. काकांनी आरसा बघितला, पट्टा लावला, खांद्यावरून मागे बघितलं आणि गेले.

मी हे कोणाला सांगितलं नाही. ग्रुपवर त्या रात्री काकांसाठी हात जोडलेली चित्रं येत राहिली. बाहेर एक पिस्तूलवाला माणूस आपलं रक्षण करतोय या भरवशावर आम्ही आत चिवडा खाल्ला होता, आणि बाहेर दोन म्हातारी माणसं रिकाम्या हातांनी बसली होती. हे सांगायचं तर पाटी कोणी लावली तेही सांगावं लागेल, आणि खांबाचंही.

परवा संक्रांतीच्या कार्यक्रमाची मीटिंग झाली. पहिला मुद्दा, काकांना दाराशी बसवायचं ना? मी म्हटलं, "मग पाटी काढू या." अध्यक्ष म्हणाले, "पाटी राहू दे ना. पाटी आहे म्हणून पेरेंट्सना बरं वाटतं." फोटोवाली आई म्हणाली, "आणि काका आहेत म्हणूनही बरं वाटतं." कोणाला यात काही विचित्र वाटलं नाही. हात वर करा म्हणाले, सगळ्यांनी केले. माझा हात वर गेलेला मला स्क्रीनवर दिसला.

मीटिंग संपल्यावर मी काकांना फोन केला.

"येतो," काका म्हणाले. "पाटी आहे का अजून?"

"आहे, काका."

"बरं," ते म्हणाले. मागून काकूंचा आवाज आला. "तिला सांगा, खुर्च्या दोन ठेव."

मी हो म्हटलं.